क्लचची तार व तिचा योग्य ढिलेपणा

मोटारीच्या यंत्राविषयी विद्यार्थ्यांस मोठे कुतूहल असते. परंतु ते बहुधा इंजिनाच्या शक्तीपाशी व गाडीच्या वेगापाशीच थांबते. चालकाच्या डाव्या पायाखालील क्लचच्या पेडलाचा विचार फारसा कोणी करीत नाही. वस्तुतः इंजिनाची शक्ती चाकांस द्यावयाची की तोडावयाची, हे त्या पेडलाच्या स्वाधीन असते. कित्येक गाड्यांत पायाचा दाब तेलाच्या द्वारे क्लचपर्यंत पोहोचविला जातो, तर कित्येकांत तो पोलादी तारेने पोहोचविला जातो. १९८३ साली निघालेली व २०१४ पर्यंत बनत असलेली मारुती ८०० ही ह्या दुसऱ्या जातीची, सर्वांच्या परिचयाची गाडी होय. अशा तारेची जुळणी कशी करावी व बिघाड कसा ओळखावा, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

ज्याने सायकलच्या ब्रेकची तार पाहिली आहे, त्यास ही तार नवी नाही. बाहेर न दबणारी नळी व तिच्या आत सरकणारी, अनेक बारीक तारांची पिळलेली दोरी, अशी ही रचना आहे. अर्नेस्ट मोनिंग्टन बौडन ह्यांनी १८९६ साली तिचे पेटंट घेतले, म्हणून तिला बौडन केबल असे नाव पडले. नळीची दोन्ही टोके पक्की बसविलेली असल्यामुळे, मार्ग वळणावळणाचा असला तरी एका टोकाची ओढ दुसऱ्या टोकास पोहोचते.

आता क्लचचे कार्य पाहू. इंजिनाबरोबर फ्लायव्हील नावाचे जड चक्र फिरत असते. त्याच्या तोंडाशी, गिअरपेटीच्या दांड्यावर, घर्षणाचे अस्तर लावलेली क्लच प्लेट असते. तिच्या मागील प्रेशर प्लेट एका बशीसारख्या स्प्रिंगच्या जोराने तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. म्हणून दोन्ही एकत्र फिरतात व गाडी चालते. पेडल दाबले की तार एका दांडीस ओढते, दांडी रिलीज बेअरिंगला पुढे लोटते, बेअरिंग स्प्रिंगच्या मधल्या पात्यांवर रेटते आणि प्रेशर प्लेटची पकड सुटते. तेवढ्या अवधीत गिअर बदलावयाचा असतो.

पेडल दाबू लागताच प्रथम थोडे अंतर ते मोकळेच जाते व मग पायास जोर लागू लागतो. ह्या मोकळ्या अंतरास मिस्तरी लोक 'फ्री प्ले' म्हणतात. कित्येक लहान गाड्यांत ते १५ ते २५ मिलिमीटर असते. तथापि आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडाच प्रमाण मानावा. हे अंतर म्हणजे दोष आहे असे समजून ते नाहीसे करू पाहणे ही मोठी चूक होय. पाय काढल्यावर बेअरिंगचा भार पात्यांवरून पूर्णपणे उठावा, एवढ्यासाठीच ते मुद्दाम ठेविलेले असते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. तार वापराने ताणली की मोकळे अंतर वाढते, हे सहज समजते. परंतु क्लच प्लेट झिजली म्हणजे ते वाढत नाही, उलट कमी होते. कारण असे की, प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते. आणि झोपाळ्याच्या फळीचे एक टोक खाली गेले की दुसरे वर यावे, त्याप्रमाणे स्प्रिंगची मधली पाती मागे, बेअरिंगकडे येतात. अंतर पुरते संपले की पाय उचललेला असूनही पेडल किंचित दाबल्यासारखीच स्थिती राहते व पकड सैल पडते.

ह्यावरून लक्षणे वाचिता येतात. बोरघाटासारख्या चढणीवर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही व करपल्याचा वास येतो, तेव्हा क्लच घसरत आहे असे समजावे. अंतर मुळीच नसेल, तर प्रथम तार सैल करावी. अंतर बरोबर असूनही घसरण राहिली, तर प्लेट झिजलेली आहे किंवा तीवर तेल गेले आहे. ह्याउलट, पेडल तळाशी नेऊनही गिअर करकरतो, विशेषतः रिव्हर्स पडत नाही, तेव्हा पकड पुरती सुटत नाही. अशा वेळी बहुधा अंतर फाजील वाढलेले असते. पेडल जड झाले असेल, तर तारेला गंज किंवा तीव्र वाक आला असण्याचा संभव असतो. पेडल दाबताच घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंगचा, आणि दाबताच घरघर थांबली तर गिअरपेटीतील बेअरिंगचा संशय घ्यावा.

जुळणी करावयाची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे व ते निवू द्यावे. हँडब्रेक ओढून चाकांस दगडाची उटी लावावी. पेडलाशेजारी फूटपट्टी उभी धरून, जोर लागेपर्यंत ते हाताने दाबावे व अंतर मोजावे. पुष्कळ गाड्यांत तारेचे आटे पाडलेले टोक गिअरपेटीवरील दांडीपाशी असते. तेथील लॉकनट पान्याने सैल करून जुळणीचा नट थोडा फिरवावा. तार ताणली की अंतर घटते, सैल सोडली की वाढते. मग पेडल काही वेळा दाबून पुन्हा मोजावे, व आकडा जुळल्यावर लॉकनट घट्ट करावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही शिरू नये. काही गाड्यांत तार आपोआप जुळते. तेथे हा उपाय लागू नाही.

जुळणी करूनही थोड्याच दिवसांत अंतर पुन्हा वाढू लागले, तर सावध व्हावे. तारेचे धागे टोकापाशी एकेक करून तुटत असण्याचा फार संभव असतो, आणि शेवटचा धागा भर रहदारीत तुटला तर पेडल तळाशी पडून राहते. अशी तार वेळीच बदलणे हेच शहाणपणाचे.

क्लच प्लेट बदलण्यास गिअरपेटी उतरवावी लागते, आणि तो खर्च थोडा नसतो. जुनी गाडी भाड्याने चालवून संसार करणाऱ्या गृहस्थास तो महिन्याच्या कमाईवर भारी पडतो. ज्या दोषास एका नटाचा फेरा पुरेसा आहे, त्यासाठी त्यास असा खर्च पडू नये. तसेच खरोखर झिजलेली प्लेट नट फिरवून बरी होईल, ह्या भ्रमातही त्याने राहू नये. ज्यांच्या घरी अशी गाडी असेल, त्या विद्यार्थ्यांनी वडिलांच्या संमतीने, इंजिन बंद असताना, दर महिन्यास हे अंतर मोजून वहीत लिहून ठेवावे. आकडा वाढत आहे की घटत आहे, एवढे कळले तरी मिस्तरीशी काय बोलावे हे कळेल. ह्यास कंपासपेटीतील एक फूटपट्टी पुरते.