सांडलेल्या चहाचा दोष

चहा सांडून भाजण्याची घटना बहुधा 'हात सुटला' किंवा 'लक्ष नव्हते' एवढ्या बोलण्यावर मिटवली जाते, आणि भाजलेले मूल लहान असेल तर यांतील दुसरे वाक्य हमखास त्याच्या आईला ऐकावे लागते. भाजण्याची तीव्रता मात्र द्रव किती तापलेला होता आणि तो त्वचेवर किती वेळ टिकला यावर ठरते, त्यामुळे दोषाचा विचार करताना आधी तापमान पाहणे भाग आहे.

सांगली जिल्ह्यातील पलूसचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, आणि पातेल्यातून नुकताच गाळलेला चहा ग्लासात पडतो तेव्हा ऐंशी अंशांच्या घरात असू शकतो. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार, ४४ अंशांची उष्णता त्वचा जाळायला सुमारे सहा तास घेते, ६० अंशांना पाचेक सेकंद पुरतात आणि ७० अंशांना एक सेकंदही लागत नाही. लहान मुलांची त्वचा पातळ असल्याने त्यांच्या बाबतीत हा अवधी आणखी कमी होतो. शिवाय कपड्यात मुरलेला चहा अंगाला चिकटून राहतो आणि कपडा काढेपर्यंत भाजतच राहतो.

या हिशेबात जुन्या कपबशीतील बशीचे मोल मोठे आहे. बशीत ओतलेला चहा पसरतो, त्याचा पृष्ठभाग वाढून बाष्पीभवन वेगाने होते आणि दोन फुंकरांत तो ओठांना सोसेल इतका निवतो. कपाचा कान बोटांना चटक्यापासून वाचवतो ते वेगळेच. आता गाड्यावर कान नसलेला पातळ कागदी कप हातात येतो आणि पार्सल म्हणून गरम चहा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिला जातो. ती पिशवी मोटारसायकलच्या हँडलला लोंबकळत घरी जाते आणि तेथे तिचा कोपरा कापून चहा ओतताना मऊ पडलेले प्लॅस्टिक हातातच मुरडते. पलूस हा उसाचा पट्टा आहे. गुऱ्हाळात उकळत्या काहिलीजवळ लहान मुलाला कोणी फिरकू देत नाही, पण घरात पाहुणे आले की चहाचा ट्रे जमिनीवर, रांगत्या मुलाच्या हाताशी ठेवला जातो.

दोषाची वाटणी कशी होते हे समजण्यासाठी अमेरिकेतील एक गाजलेला खटला उपयोगी आहे. १९९२ मध्ये न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की येथे स्टेला लीबेक या ७९ वर्षांच्या महिलेने थांबलेल्या मोटारीत मॅकडोनाल्ड्सच्या कॉफीचा कप गुडघ्यांत धरून झाकण काढले, कॉफी मांडीवर सांडली आणि त्यांच्यावर त्वचारोपणाची वेळ आली. ही कॉफी ८२ ते ८८ अंशांवर ठेवली जात होती, आणि आधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या सातशेहून अधिक तक्रारी कंपनीकडे आलेल्या होत्या. १९९४ मध्ये ज्यूरीने दोषाचा २० टक्के वाटा लीबेक यांच्याकडे आणि ८० टक्के कंपनीकडे दिला. जखमी व्यक्तीच्या स्वतःच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी करण्याच्या या तत्त्वाला तुलनात्मक निष्काळजीपणा म्हणतात. दंडात्मक भरपाई २७ लाख डॉलर ठरली, ती न्यायाधीशांनी ४ लाख ८० हजारांवर आणली. या खटल्याची पुढे लोभाचे उदाहरण म्हणून टवाळी झाली, जी अन्यायाची होती, कारण लीबेक यांनी सुरुवातीला मागितले होते केवळ वीस हजार डॉलर.

भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने उत्पादन दायित्व, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी, स्पष्ट केली आहे. त्याच्या कलम ८७ नुसार उघड किंवा सर्वांना ठाऊक असलेल्या धोक्याची सूचना दिली नाही म्हणून उत्पादकाला जबाबदार धरता येत नाही, आणि चहा गरम असतो हे कोणाला सांगावे लागत नाही. पण तळ सुटलेला कप, न बसणारे झाकण किंवा वाढप्याने निष्काळजीपणे अंगावर सांडलेले भांडे यांना हे संरक्षण लागू पडू नये. तेथे सदोष वस्तूचा किंवा सेवेतील त्रुटीचा प्रश्न येतो आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. विकत घेणाऱ्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही ग्राहकच ठरतो. घरातल्या ट्रेला मात्र आयोग नाही. तेथे आईला बोल लावण्यापूर्वी ट्रे जमिनीवर कोणी ठेवला आणि तो उचलून ओट्यावर ठेवणे कोणाकोणाला शक्य होते, हे घरच्यांनी प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे.

चहा सांडल्याबरोबर भिजलेला कपडा काढावा, तो कातडीला चिकटला असेल तर ओढू नये, आणि सूज येण्यापूर्वी बांगड्या व अंगठ्या उतरवाव्यात. नंतर भाजलेल्या भागावर नळाचे साधे थंड पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नये. पाणी तत्काळ मिळाले नाही तरी पहिल्या तीन तासांपर्यंत या उपायाचा उपयोग होतो. लहान मूल, चेहरा, हात, जांघ किंवा सांध्यावरची जखम आणि जखमीच्या तळहातापेक्षा मोठा भाजलेला भाग असेल, तर स्वच्छ कापडाने झाकून थेट रुग्णालय गाठावे किंवा १०८ वर रुग्णवाहिका मागवावी.