कुरआनची रचना व त्यातील पुनरुक्त विषय

बीड जिल्ह्यातील अनेक गावांत बौद्धांची वस्ती आणि मुसलमानांचा मोहल्ला यांमध्ये एखाद्या बोळाचेच अंतर असते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. असे असूनही शेजारच्या घरातील मुख्य ग्रंथ आपण क्वचितच उघडतो. कुरआन आपणास ठाऊक असतो तो भाषणांतून व पत्रकांतून सुट्या काढलेल्या चार-दोन आयतींपुरता. त्रिपिटकातील एखादी ओळ तिच्या निदानापासून तोडून कोणी तथागतांना निराशावादी ठरविले, तर आपण त्यास रास्त आक्षेप घेतो. हाच न्याय इतरांच्या ग्रंथासही लावावा लागेल. कुरआनच्या केंद्रस्थानी एकमेव सृष्टिकर्ता आहे, तर धम्म सृष्टिकर्ता मानीत नाही. हा भेद आरंभीच स्पष्ट सांगून आम्ही येथे केवळ वाचनपद्धतीचा विचार करणार आहोत.

कुरआनमध्ये 114 सूरह, म्हणजे अध्याय आहेत. सात आयतींची 'फातिहा' आरंभी येते. त्यानंतरची मांडणी ढोबळमानाने दीर्घाकडून ऱ्हस्वाकडे जाते. दुसरी सूरह 286 आयतींची, तर 108 वी अवघ्या तीन आयतींची आहे. हा क्रम कालानुसारी नव्हे. परंपरेनुसार सर्वप्रथम अवतरलेल्या आयती 96 व्या सूरहच्या प्रारंभी आढळतात. याचा परिणाम असा की, पहिल्या पानापासून वाचू लागलेला वाचक मक्केतील आरंभीच्या उपदेशाआधीच मदिनेतील समाजाच्या विधिनियमांपाशी पोहोचतो आणि गोंधळतो. पालिच्या अभ्यासकाने मात्र गोंधळण्याचे कारण नाही. दीघ आणि मज्झिम हे निकाय सुत्तांच्या लांबीवरूनच वेगळे झाले आहेत. थेरगाथेत गाथांच्या चढत्या संख्येनुसार निपात लावले आहेत. मुखपाठाने जपलेल्या ग्रंथांत लांबी व संख्या ही स्मरणाची साधने असतात. आपल्याकडे भाणक होते, त्यांच्याकडे हाफिज आहेत.

पुनरुक्तीचेही असेच आहे. 26 व्या सूरहमध्ये मूसा, इब्राहीम, नूह, हूद, सालेह, लूत व शुऐब यांच्या कथा एकामागून एक येतात आणि प्रत्येक कथा त्याच दोन आयतींनी संपते. सुत्तांच्या हस्तलिखितांत व छापील प्रतींत 'पेय्याल' घालून पुनरुक्ती आटोपती घेतात. कुरआनमध्ये ती प्रत्येक वेळी पूर्ण येते, कारण तिचे स्थान पानाइतकेच कानातही आहे. तथापि सर्वच पुनरुक्ती शब्दशः नसते, आणि अभ्यासाची खरी जागा तेथेच आहे.

इब्लीसची कथा पाहा. आदमपुढे नतमस्तक होण्यास त्याने दिलेला नकार सात सूरहंत येतो : 2, 7, 15, 17, 18, 20 आणि 38. सातव्या व अडतिसाव्या सूरहमध्ये तो कारण देतो की, आपण अग्नीपासून झालो आणि आदम मातीपासून. म्हणून आपण श्रेष्ठ. उत्पत्तीवरून श्रेष्ठत्व सांगणारा हा युक्तिवाद आपल्या वाचकांस अपरिचित नाही. मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात ब्राह्मण स्वतःस ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेले म्हणवितात, आणि तथागत तेथे अग्नीचाच दाखला देतात : चंदनाच्या काष्ठाने पेटविलेल्या आणि डुकराच्या डोणीच्या लाकडाने पेटविलेल्या अग्नीची ज्वाला, वर्ण व प्रकाश यांत भेद नसतो. या साम्यावरून कोणी उसनवारी शोधू नये. प्रश्न सारखा आहे, उत्तरे वेगळी आहेत. कुरआनमध्ये इब्लीसचा मूळ दोष ईश्वराज्ञेचा भंग हा आहे, सुत्तात निर्णय निरीक्षणावर होतो.

आता सातव्या सूरहमध्ये या कथेनंतर काय येते तेही पाहावे. नूहपासून पुढे बहुतेक प्रेषितांस विरोध करणारे त्या त्या समाजातील मातब्बर असतात. सालेहच्या कथेत तर ते दुर्बल गणलेल्या श्रद्धावंतांची उलटतपासणी घेतात. आरंभीचा इब्लीसचा गर्व पुढे या मातब्बरांच्या मुखी येतो. ही कथा सुटी काढली तर हा धागा हाती लागत नाही.

सूरहची अंतर्गत संगती शोधणाऱ्या पद्धतीचा एक मोठा प्रवर्तक बीड ज्या राज्यात होते त्याच राज्याच्या राजधानीत काही काळ अध्यापन करीत होता. आझमगढचे हमीदुद्दीन फराही (1863-1930) हे हैदराबादच्या दारुल उलूमचे प्राचार्य होते. प्रत्येक सूरहला एक 'अमूद', म्हणजे आधारस्तंभासारखा मध्यवर्ती विषय असतो आणि तिच्या सर्व आयती त्याभोवती गुंफलेल्या असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचे शिष्य अमीन अहसन इस्लाही यांनी 'तदब्बुर-ए-कुरआन' या उर्दू भाष्यात बहुतेक सूरहंच्या जोड्या लावल्या आणि संपूर्ण ग्रंथाचे सात गट पाडले. काही जोड्या आम्हांस ओढूनताणून जमविलेल्या वाटतात, परंतु आयत तिच्या जागी वाचण्याची शिस्त मोलाची आहे.

याउलट मार्ग विनोबा भावे यांचा. अरबी शिकून त्यांनी आयती निवडल्या आणि 'कुरान-सार'मध्ये त्यांची विषयवार पुनर्रचना केली. नवख्या वाचकास ती सोयीची आहे. पण अशा संकलनात काय गळते हे धम्मपदावरून समजते. ब्राह्मणवग्गातील बहुतेक गाथा वासेट्ठ सुत्तातही आहेत. तेथे माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की कर्माने, यावर दोन तरुण वाद घालीत आले आहेत, आणि तृण, वृक्ष, कीटक, पशुपक्षी यांच्यात जातिभेदाची चिन्हे दिसतात तशी मनुष्यांत दिसत नाहीत, असा तथागतांचा युक्तिवाद आहे. धम्मपदात गाथा राहिल्या, हा युक्तिवाद राहिला नाही. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (1957) हाही विषयवार आहे, हे कोणी निदर्शनास आणील. परंतु आपण कोणत्या प्रश्नांची उत्तरे शोधीत आहोत, हे त्यांनी प्रास्ताविकातच उघडपणे मांडले आहे.

विषयवार वाचायचेच असेल तर त्या विषयाची सर्व स्थळे घ्यावीत, सोयीची तेवढीच नव्हेत. 90 वी सूरह दास मुक्त करणे आणि दुष्काळात अनाथास अन्न देणे यांस चढणीची वाट म्हणते. 49 व्या सूरहमध्ये श्रेष्ठत्व कुळावर नव्हे, तर ईश्वरनिष्ठ सदाचरणावर ठेवले आहे. त्याच ग्रंथात दासप्रथा गृहीत धरणारे नियमही आहेत. दोन्ही एकाच वहीत, क्रमांकासह टिपावेत. मुसलमान समाजातील जातिभेदाची जी परखड चर्चा बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयक ग्रंथात केली, ती मात्र वेगळ्या पानावर लिहावी. ती समाजाच्या वर्तनाची नोंद आहे, आयतीचा अर्थ नव्हे. मराठी भाषांतर हाती घेणाऱ्याने शेवटच्या छोट्या मक्की सूरहंपासून आरंभ करावा, मग 26 वी व सातवी वाचावी आणि दुसरीकडे सर्वांत शेवटी वळावे.