८०० वर्षांपूर्वीच्या काचेत आजही गव्हाची कापणी सुरू! फ्रान्समधल्या शार्त्र चर्चच्या रंगीत खिडक्यांची गोष्ट

काचेची बरणी हातातून निसटली की तिचा खेळ संपला. पण फ्रान्समध्ये एक चर्च असं आहे, की त्याच्या काचेच्या खिडक्या ८०० वर्षांपासून टिकून आहेत. मधल्या काळात आग लागली, राज्यक्रांती झाली, दोन महायुद्धं झाली. काच मात्र जागेवर आहे. या काचेत देव आहे, संत आहेत, राजेराण्या आहेत. आणि त्यांच्याच जोडीला विळ्यानं गहू कापणारा शेतकरी, चाक बनवणारा सुतार, पाव विकणारा बेकरीवाला आणि चपला-बूट शिवणारा कारागीरही आहे.

या चर्चचं नाव शार्त्र कॅथेड्रल. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं मुख्य चर्च. पॅरिसपासून साधारण ८०-९० किलोमीटरवर शार्त्र हे गाव आहे. आजूबाजूचा सगळा भाग सपाट आणि गव्हाचा. पीक उभं असताना लांबून पाहिलं तर गव्हाच्या रानातून चर्चचे दोन उंच मनोरेच वर आलेले दिसतात. युनेस्कोनं १९७९ साली या चर्चला जागतिक वारसा यादीत घेतलं.

इथं रंगीत काचेच्या १७० च्या आसपास खिडक्या आहेत. सगळी काच मिळून अडीच हजार चौरस मीटरच्या वर भरते. आपल्या हिशोबानं सांगायचं तर जवळजवळ २५ गुंठे काच!

आगीतून उभं राहिलेलं चर्च

जून ११९४ मध्ये शार्त्रला मोठी आग लागली आणि जुन्या चर्चचा बराचसा भाग जळाला. येशूची आई मरियामाता हिचं म्हणून मानलं जाणारं एक वस्त्र या चर्चमध्ये होतं. त्याच्या दर्शनाला लांबून लोक यायचे. तेही जळालं, असं लोकांना वाटलं. पण दोन-तीन दिवसांनी ते तळघरात सुखरूप सापडलं. मरियामातेलाच इथं आणखी मोठं चर्च हवं आहे, असा लोकांनी त्याचा अर्थ लावला आणि काम सुरू झालं. साधारण १२२० पर्यंत मुख्य बांधकाम उरकलं. खिडक्यांचं काम त्याच सुमारास आणि त्यानंतरची काही वर्षं चाललं.

पश्चिमेच्या दारावरच्या तीन खिडक्या मात्र आगीच्याही आधीच्या, ११५० च्या सुमाराच्या आहेत. मरियामातेचं चित्र असलेली एक प्रसिद्ध खिडकी आहे, तिचा मधला भागही आगीतून वाचलेला आहे. त्यातला निळा रंग बघायला जगभरातून माणसं येतात. 'शार्त्रचा निळा' हे नावच पडलं आहे.

एवढ्या मोठ्या खिडक्या भिंतीला झेपल्या कशा?

जुन्या दगडी इमारतीत छताचा सगळा भार भिंतीवर असतो. म्हणून भिंत जाड आणि खिडकी बारीक. गावातला जुना वाडा किंवा देऊळ आठवा, तिथंही हेच दिसेल.

शार्त्रच्या गवंड्यांनी भिंतीला बाहेरून दगडी कमानींचे टेकू दिले. कलत्या भिंतीला आपण वासा लावतो, तसाच हा प्रकार, फक्त दगडाचा आणि कायमचा. छताचा रेटा या टेकूंनी घेतला. भिंतीवरचं ओझं हलकं झालं आणि दगडाच्या जागी काच बसवता आली. या बांधणीला गॉथिक शैली म्हणतात.

काचेत रंग येतो कुठून?

बऱ्याच जणांना वाटतं की साध्या काचेवर ब्रशनं रंग मारलेला असेल. तसं नाही. काच भट्टीत वितळलेली असतानाच रंग तिच्यात मिसळला जातो. म्हणून तो उडत नाही, पुसला जात नाही.

काचेचा माल तसा साधाच. वाळू आणि लाकडाची राख. थिओफिलस नावाच्या एका साधूनं १२व्या शतकात कारागिरांसाठी पुस्तक लिहिलं होतं. त्यात बीच नावाच्या झाडाची राख दोन भाग आणि धुतलेली वाळू एक भाग, असं माप दिलेलं आहे. राखेमुळं वाळू कमी उष्णतेत वितळते.

रंगासाठी त्यात धातूची भुकटी जाते:

- कोबाल्ट घातलं की गडद निळा
- तांब्यापासून लाल किंवा हिरवा (भट्टीतली हवा आणि आच कशी ठेवली त्यावर ठरतं)
- मँगनीजपासून जांभळा
- लोखंडामुळं हिरवट-पिवळी झाक

लाल रंगाची एक अडचण होती. पूर्ण जाडीची लाल काच केली तर ती काळीच दिसायची, उजेड पलीकडं जायचाच नाही. म्हणून कारागीर पांढऱ्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवायचे.

खिडकी तयार व्हायची कशी?

१) लोखंडी नळीनं वितळलेली काच फुगवायची, तिचा लांबट फुगा उभा चिरायचा आणि गरम असतानाच सपाट करायचा. की झाला काचेचा तुकडा.

२) चुन्यानं पांढऱ्या केलेल्या मोठ्या फळीवर खिडकीचं चित्र खऱ्या मापात काढायचं. कुठल्या जागी कुठला रंग, तेही लिहून ठेवायचं.

३) त्या मापानं काच कापायची. तेव्हा हिऱ्याची कटर वापरात नव्हती. तापलेली लोखंडी सळई काचेवर फिरवली की काच तडकायची. मग कडा लोखंडी अवजारानं कुरतडून नेमका आकार काढायचा.

४) डोळे, नाक, बोटं, कपड्याच्या चुण्या एवढ्याच गोष्टी काळपट रंगानं रंगवायच्या. हा रंग म्हणजे धातूची पूड आणि काचेची पूड, वाइन किंवा लघवीत कालवलेली. नंतर तुकडा पुन्हा भट्टीत भाजायचा म्हणजे रेघ काचेत पक्की बसते.

५) शेवटी शिशाच्या पट्ट्यांनी तुकडे जोडायचे. या पट्टीला दोन्ही बाजूंनी खाच असते, तिच्यात काच बसते. जोडावर कथील वितळवून तो पक्का करायचा. तयार झालेले भाग लोखंडी चौकटीत अडकवायचे.

चित्रात ज्या जाड काळ्या रेघा दिसतात, त्यातल्या बऱ्याचशा या शिशाच्याच असतात. शिसं मऊ असतं. वारा आला, ऊन-थंडीनं काच थोडी फुगली-आकसली, तर ते वाकतं आणि काच वाचते.

खिडकीतली कामकरी माणसं

शार्त्रच्या खिडक्यांचं खरं वेगळेपण इथं आहे. बहुतेक खिडक्या खालून वर वाचायच्या असतात. आणि अगदी खालच्या चौकटीत, म्हणजे माणसाच्या नजरेजवळ, अनेक ठिकाणी धंदेवाल्यांची चित्रं आहेत. चाळीसच्या आसपास खिडक्यांमध्ये अशी चित्रं सापडतात.

नोहाची बोट दाखवणाऱ्या खिडकीत खाली सुतार, चाकं बनवणारे आणि पिंपं बनवणारे आहेत. वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या भल्या शोमरोनी माणसाची गोष्ट बायबलमध्ये आहे. त्या खिडकीखाली चपला-बूट बनवणारे बसले आहेत. दुसरीकडं दगड घडवणारे पाथरवट आहेत. वेदीच्या मागच्या उंच खिडकीत पावाची भलीमोठी टोपली उचलून नेणारी माणसं आहेत.

एक खिडकी बारा महिन्यांच्या कामांची आहे. एका बाजूला राशी आणि शेजारी त्या महिन्याचं काम. थंडीत शेकोटीपाशी बसलेला माणूस, मार्चमध्ये द्राक्षवेलींची छाटणी, जुलैत विळ्यानं गव्हाची कापणी, ऑगस्टमध्ये झोडपून मळणी, सप्टेंबरात पायानं द्राक्षं तुडवणं. महिने तिकडचे, पण चक्र तेच. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला छाटणीचं चित्र ओळखायला कुणाची मदत लागणार नाही.

संत लुबँ यांची खिडकीही बघण्यासारखी आहे. हे सहाव्या शतकात शार्त्रचे बिशप होते, पण लहानपणी गुरं-मेंढरं राखायचे. एका साधूनं त्यांना कमरेच्या पट्ट्यावर अक्षरं लिहून दिली आणि त्यावरून ते वाचायला शिकले, अशी कथा आहे.

पैसे कुणी दिले?

काही खिडक्यांचं उत्तर सोपं आहे. उत्तरेकडची गोल खिडकी ३० फुटांहून जास्त रुंद आहे. तिच्यात फ्रान्सच्या राजघराण्याची चिन्हं आहेत, म्हणून ती राणीनं दिली असं मानतात.

कारागिरांच्या चित्रांवर मात्र अभ्यासकांमध्ये वाद आहे. आधी सरळ समज होता की त्या त्या धंद्याच्या लोकांनी वर्गणी काढून खिडकी दिली. नंतरच्या काही अभ्यासकांनी वेगळं म्हणणं मांडलं. त्यांच्या मते बेकरीवाले, दारूवाले यांच्याकडून चर्चचे मोठे अधिकारी कर आणि अर्पण घ्यायचे, आणि लोकांनी हे खुशीनं द्यावं असं दाखवण्यासाठी ती चित्रं काढली. इतिहासात एवढं पक्कं आहे की चर्चच्या या अधिकाऱ्यांकडं आजूबाजूच्या गव्हाच्या जमिनी होत्या आणि त्यांचं उत्पन्न बांधकामाला लागलं. म्हणजे वर्गणीची पावती कुणाच्याही नावानं फाटलेली असो, शेतकऱ्याचा घाम त्या काचेत आहेच.

ज्यांनी काच घडवली त्यांची नावं शार्त्रमध्ये कुठंच नाहीत. शार्त्रच्या एका कारागिरानं मात्र रुआँ शहरातल्या कॅथेड्रलच्या खिडकीवर आपलं नाव कोरून ठेवलं आहे: शार्त्रचा काचकामी क्लेमेंट. बाकीचे नाव न सांगता गेले.

आठशे वर्षं टिकली ती कशी?

काच आपोआप टिकली नाही. ती पुन्हा पुन्हा उतरवून, दुरुस्त करून बसवली गेली. तुकड्यातुकड्यानं जोडलेली असल्यामुळं हे जमतं. एक तुकडा फुटला तर तेवढाच बदलता येतो. शिसं जुनं झालं की नवं घालता येतं.

सगळेच तिला जपत होते असंही नाही. १८व्या शतकात चर्चच्याच लोकांनी आत उजेड हवा म्हणून काही रंगीत खिडक्या काढून साधी काच लावली. त्या गेल्या त्या गेल्याच.

१९३९ साली दुसरं महायुद्ध तोंडावर आलं, तेव्हा कामगार परांच्यांवर चढले आणि सगळ्या खिडक्या खाली उतरवल्या. लाकडी पेट्यांत भरून आधी चर्चच्या तळघरात आणि नंतर दक्षिणेकडं दोर्दोन्य भागात दगडाच्या खाणीत नेऊन लपवल्या. पहिल्या महायुद्धातही १९१८ मध्ये काच उतरवली होती. युद्ध संपल्यावर एकेक तुकडा परत जागेवर आला.

ऑगस्ट १९४४ मध्ये चर्चच जायची वेळ आली होती. मनोऱ्यात जर्मन टेहळणी करत असतील या संशयानं अमेरिकन सैन्य त्यावर तोफा डागण्याच्या विचारात होतं. कर्नल वेल्बर्न ग्रिफिथ यांनी स्वतः आत जाऊन मनोरा तपासला. आत शत्रू नव्हता. त्यांनी तसं कळवलं आणि चर्च वाचलं. त्याच दिवशी जवळच्या गावात ग्रिफिथ लढाईत मारले गेले.

आताचा शत्रू ओल आहे. राखेपासून केलेली काच दमटपणानं हळूहळू खाल्ली जाते, तिला बारीक खड्डे पडतात. म्हणून आता जुन्या काचेच्या बाहेरून साधी काच लावून पाऊस-वारा अडवतात.

एक गैरसमज

'जुनी काच खाली जाड असते, कारण काच पाण्यासारखी हळूहळू ओघळते' असं बऱ्याचदा सांगितलं जातं. हे चुकीचं आहे. फुगवून सपाट केलेली काच मुळातच कमी-जास्त जाडीची असायची. घट्ट झालेली काच ओघळत नाही.

आपल्याकडं काय आहे?

गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज काळातल्या चर्चमध्ये आणि घरांमध्ये खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन बसवलेले दिसतात. त्यातून उजेड दुधाळ होऊन येतो. रंगीत काच बघायची असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या जुन्या इमारतीत आणि राजाबाई टॉवरच्या इमारतीतल्या विद्यापीठ ग्रंथालयात ब्रिटिश काळातली काच आहे. या दोन्ही इमारती चर्च नाहीत, पण शिशानं काच जोडायची कला तीच.

कुठंही अशी खिडकी बघायची तर दिवसा आणि आतून बघा. बाहेरून ती काळपट आणि मळकी दिसते, कारण उजेड काचेतून आपल्याकडं येत नसतो. आत गेल्यावर पाच मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. आणि नजर आधी खालच्या चौकटीवर टाका. राजे आणि संत वर असतात, कामकरी माणसं बहुतेक खालीच सापडतात.