पालीच्या पायाला गोंद नसतो

पावसाळ्यात संध्याकाळी घरात दिवा लागला की खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल येऊन बसते. आपण आत, ती बाहेर, मध्ये काच. त्यामुळे एरवी कधीच न दिसणारे तिचे तळपाय वीतभर अंतरावरून पाहायला मिळतात. बोटं टोकाशी पसरट, आणि प्रत्येक बोटाखाली पांढुरक्या आडव्या पट्ट्यांची रांग. एवढ्या गुळगुळीत काचेवर ती टिकते कशी, असं घरात कुणालाही विचारा. 'पायाला चिकट असतं' किंवा 'हवा ओढून धरते' यांपैकी एक उत्तर हमखास मिळतं. दोन्ही चुकीची आहेत. भिंत चढणारा रोबो बनवायला निघालेला माणूस यांतलं कुठलंही उत्तर धरून बसला, तर त्याची सगळी मेहनत वाया जाईल.

पालीच्या बोटांत चिकट द्रव पाझरणाऱ्या ग्रंथीच नाहीत. हवा ओढून धरण्याचं म्हणाल, तर हवा काढून टाकलेल्या पेटीतही पाल पृष्ठभागाला धरून राहते, हे प्रयोगांतून फार पूर्वीच दिसलं आहे. खरी करामत त्या पट्ट्यांवरच्या केसांत आहे. आपल्या घरातल्या पालीची मोठी बहीण म्हणावी अशी टोके जातीची पाल घेतली, तर तिच्या एकेका पावलावर सुमारे पाच लाख केस असतात. प्रत्येक केस मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा लांब, आणि टोकाशी तो आणखी शेकडो तंतूंत फुटलेला. हे तंतू इतके बारीक की ते काचेच्या रेणूंच्या अगदी लगत जाऊन टेकतात. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात भेटलेलं व्हॅन डर वाल्स बल तिथे कामाला लागतं. हे बल अतिशय क्षीण, पण कोट्यवधी तंतू एकदम टेकले की त्यांची बेरीज पाल पेलते. केलर ऑटम आणि रॉबर्ट फुल या अमेरिकी जीवशास्त्रज्ञांच्या गटाने २००० मध्ये अशा एकाच सुट्या केसाचा जोर मोजला. तो साधारण वीस मिलिग्रॅम वजन पेलण्याइतका भरला. पुढे २००२ मध्ये, पाणी धरणाऱ्या आणि पाणी झटकणाऱ्या अशा दोन्ही पृष्ठभागांवर केस सारखाच चिकटतो हे दाखवून त्यांनी ओलाव्याची शंकाही निकालात काढली.

मला यातला सगळ्यात विलक्षण भाग चिकटण्याचा वाटत नाही, सुटण्याचा वाटतो. चिकटपट्टी भिंतीला लावणं सोपं, ती न ओरबाडता काढणं अवघड. पाल मात्र धावताना सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्याही आत पाऊल सोडवते. केस एका विशिष्ट दिशेने ओढला गेला तरच धरतो, आणि त्याचा पृष्ठभागाशी असलेला कोन ३० अंशांच्या वर गेला की आपोआप सुटतो. मग काय, ती बोट टोकाकडून वर वळवते आणि केसांची एकेक ओळ उलगडत सुटत जाते.

अभियंत्यांनी उचललं ते हे तत्त्व. स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क कटकोस्की यांच्या प्रयोगशाळेत सांगबे किम यांनी २००६ च्या सुमारास 'स्टिकीबॉट' बनवला. त्याच्या पायांवरचे रबरी केस पालीच्या केसांहून कितीतरी जाड होते, तरी तो काचेवर सेकंदाला चार सेंटिमीटर चढत असे. कारण त्याचे केसही एकाच दिशेने धरणारे होते. याच प्रयोगशाळेने २०१४ मध्ये सत्तर किलोचा माणूस उभ्या काचेवर चढवून दाखवला. त्याच्या हातांत तळहाताएवढ्या दोन फळ्या होत्या आणि प्रत्येकीवर चोवीस छोट्या चौकटी. भार सगळ्या चौकटींवर सारखा वाटला जाईल अशी त्यांची जोडणी. दिसायला त्या फळ्यांत पालीसारखं काहीच नव्हतं.

इथे कुणाला तानाजीच्या पोवाड्यातली यशवंती घोरपड आठवेल. पाल आणि घोरपड एकाच पद्धतीने चढतात ही समजूत मी अनेकांकडून ऐकली आहे. घोरपडीच्या पायाला असे केस नसतात. तिची सगळी मदार नखांवर. म्हणून खडबडीत कडा तिचा, आणि गुळगुळीत काच पालीची. पोवाड्यातल्या प्रसंगाचा इतिहास काय तो इतिहासकारांनी पाहावा. रोबो बनवणाऱ्यांनी मात्र या दोन वाटा वेगळ्या ठेवल्या आहेत. कटकोस्की यांच्याच प्रयोगशाळेतला 'स्पायनीबॉट' विटांच्या आणि गिलाव्याच्या भिंतीवर बारीक आकड्यांच्या रांगा रुतवत चढतो. त्याला काचेवर ठेवलं तर तो खाली येईल.

आपल्या भाषेत 'यंत्रमानव' हा शब्द रुळला, आणि त्याबरोबर अशी समजूतही रुजली की रोबो कुणासारखा तरी दिसायलाच हवा. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका आणि कॅनडातल्या विद्यापीठांनी मिळून केलेला 'आरहेक्स' पाहा. तो झुरळावरून सुचला, पण दिसतो सहा वाकड्या पट्ट्या लावलेल्या पेटीसारखा. झुरळाच्या एकेका पायात कितीतरी सांधे. इथे एका पायाला एकच मोटर. घेतल्या त्या दोनच गोष्टी. एक, तीन पाय टेकलेले असताना तीन पुढे टाकण्याची चाल. दुसरी, पायाची स्प्रिंगसारखी लवचीकता. झुरळ दगडधोंड्यांवरून सुसाट पळतं तेव्हा त्याचा मेंदू प्रत्येक ठेचेचा हिशेब करत बसत नाही. धक्का पाय स्वतःच पचवतात. म्हणूनच, 'रोबो सुधारायचा तर त्याला जास्त हुशार संगणक द्या' हे अर्धंच खरं आहे. मेलेल्या पालीचा पाय जिवंत पालीच्या पायाइतक्याच जोराने काचेला धरतो, हे २०१४ मध्ये मोजून पाहिलं गेलं. पायाची रचनाच बरंचसं काम उरकते.

आणखी एक वाक्य प्रेरणादायी भाषणांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून सतत फिरतं: विज्ञानानुसार भुंग्याला उडताच यायला नको, पण त्याला ते ठाऊक नसल्यामुळे तो उडतो. हे वाक्य ऐकलं की मला खरोखर वाईट वाटतं, कारण ज्यांनी हे कोडं सोडवलं त्यांचे कष्ट त्यात पुसले जातात. विमानाच्या ताठ पंखाचं गणित फडफडणाऱ्या पंखाला लावलं, एवढीच ती चूक. केंब्रिजच्या चार्ल्स एलिंग्टन यांनी १९९६ मध्ये पतंगाच्या पंखाच्या पुढच्या कडेवर टिकून राहणारा भोवरा दाखवला. १९९९ मध्ये बर्कलीला मायकेल डिकिन्सन यांच्या गटाने फळमाशीचा पंख पंचवीस सेंटिमीटरचा, यांत्रिक करून खनिज तेलाच्या टाकीत बुडवला. या गटात आज बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात असलेले संजय साने हेही होते. खरी माशी सेकंदाला दोनशे वेळा पंख मारते; हा पंख एका फटक्याला सहा-सात सेकंद घेई. इवल्याशा माशीला हवा जशी लागते, तसं या मोठ्या पंखाला घट्ट तेल लागतं. पंखाच्या मुळाशी बसवलेल्या जोरमापकांनी सांगितलं, की फटक्याच्या शेवटी पंख गर्रकन फिरतो तेव्हा उचलणारा जोर वाढतो. इथे रोबोने माशीचं गुपित सांगितलं. जीवशास्त्राकडून अभियांत्रिकीकडे जाणारा हा रस्ता एकेरी नाही.

आता उरला निसर्ग परिपूर्ण असल्याचा समज. उत्क्रांती असलेल्या सामानातच भागवते. पालीचा पाय टेफ्लॉनवर धरत नाही, आणि फिरणारं चाक कुठल्याही प्राण्याला लाभलं नाही. मात्र निसर्गाचं एक काम आपल्याला अजून साधलेलं नाही, ते म्हणजे ऊर्जा. हार्वर्डची ऐंशी मिलिग्रॅमची 'रोबोबी' २०१३ मध्ये उडाली ती विजेच्या तारेला बांधलेली. २०१९ मध्ये तिची चार पंखांची बहीण तारेशिवाय उडाली, पण उन्हाच्या सुमारे तिप्पट प्रखर दिव्याखाली आणि एका सेकंदाहून कमी वेळ. लवकरच यांत्रिक मधमाश्या आपल्या बागांचं परागीकरण करतील, असं कुणी सांगितलं तर हा एक सेकंद आठवा.

आणि आज रात्री पाल काचेवर आली तर झाडू उचलण्याआधी मिनिटभर थांबा. ती पाऊल टाकेल तेव्हा तिचं बोट आधी टोकाकडून वर वळेल, तेवढं बघून घ्या.