नकाशा मोठा केला म्हणून अचूक होत नाही

क्यूजीआयएससारख्या जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) सॉफ्टवेअरमध्ये माउसचं चाक फिरवलं की नकाशा हवा तेवढा मोठा होतो. मग तो तितकाच अचूकही झाला, असा समज सर्रास आढळतो. तसं वाटणं स्वाभाविक आहे, कारण पडद्यावरचं प्रमाण (नकाशावरच्या अंतराचं जमिनीवरच्या अंतराशी गुणोत्तर) खरोखरच बदलतं. मूळ माहिती मात्र तीच राहते. लग्नातल्या ग्रुप फोटोतला मागच्या रांगेतला चेहरा बोटांनी ताणला, तरी तो काही स्पष्ट होत नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे २५ मीटर. त्यावरून गिरवलेला ओढा १:१,००० वर नेऊन बांध अलीकडे की पलीकडे, हे ठरवता येत नाही. फोटो निदान धूसर तरी होतो. सॉफ्टवेअरमधली रेघ कितीही ताणली तरी ठसठशीतच दिसते. खरी फसगत इथे होते.

नकाशा करणाऱ्याने मूळ माहितीचं प्रमाण आणि वर्ष कोपऱ्यात जरूर छापावं. हद्दीचा प्रश्न असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणीच करून घ्यावी.