संगणकावरील डोंगर आणि धुक्याचें औचित्य

चित्र काढणें ही एक कला, आणि काढलेल्या चित्रावरून वेळींच हात उचलणें ही दुसरी. संगणकावर निसर्गदृश्यें घडविणाऱ्या तरुण मंडळींस पहिली कला हल्लीं लवकर साधते. दुसरीस मात्र विवेक लागतो. त्या विवेकाविषयीं चार शब्द लिहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उदाहरणादाखल आमच्या मावळांतलाच एक देखावा घेऊं. शिरगांवच्या वर, आकाशांत उंच उभें राहून पश्चिमेकडे पाहत आहों, अशी कल्पना करावी. खालीं पवनेचें खोरें आणि सुमारें वीस किलोमीटरांवर लोहगड व विसापूर. हा देखावा उभा करण्याची सामग्री आज विनामूल्य मिळते. फेब्रुवारी २००० मध्यें ‘एन्डेव्हर’ या अमेरिकन अवकाशयानानें रडारच्या साह्यानें पृथ्वीवरील सुमारें ८० टक्के भूभागाची उंची मोजली. ती मोजणी दर तीस मीटरांस एक बिंदु अशा प्रमाणांत कोणासहि उतरवून घेतां येते. ‘ब्लेंडर’सारखें सॉफ्टवेअर त्या बिंदूंचे डोंगर करतें, त्यांवर ऊन पाडतें आणि मधल्या पोकळींत हवा भरतें.

चित्राला प्राण येतो तो या हवेनें. दूरचे डोंगर निळे कां दिसतात, याचें मर्म लॉर्ड रॅले यांनीं १८७१ मध्यें उलगडलें : हवेचे अतिसूक्ष्म कण तांबड्यापेक्षां निळा प्रकाश कितीतरी अधिक विखुरतात. धुक्यांतील जलकण त्या मानानें फार मोठे. ते सर्व रंग सारखेच विखुरतात. म्हणून श्रावणांतलें धुकें पांढरें, तर कार्तिकांतली दूरची डोंगररांग निळसर. ऋतु आधीं ठरवावा, मग हवा भरावी.

दृश्य तयार झाल्यावर त्यावर मागाहून संस्कार करावयाचे ते किती, हा खरा प्रश्न. आमच्या मतें, जें अंतरावर अवलंबून आहे तें अंतर जाणणाऱ्यानेंच करावें. चित्रांतील प्रत्येक ठिपका किती दूर आहे हें संगणकास ठाऊक असतें. ती माहिती वेगळ्या थरांत जपून ठेविली, तर धुकें मागाहूनहि अंतराच्या प्रमाणांत वाढवितां येतें. तसें न करतां सरसकट पांढरा रंग फासला, कीं जवळचा वृक्ष आणि दूरचा कडा सारखेच फिकट होतात. उजेड व रंग यांची थोडी जुळवाजुळव मात्र शेवटीं खुशाल करावी. साध्या चित्रांत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात. त्या फार ताणल्या तर आकाशांत पट्टे उमटतात. यासाठीं मूळ चित्र ६५,५३६ पायऱ्यांच्या प्रकारांत राखावें.

हा मोह आजचा नव्हे. राजा रविवर्मा यांनीं १८९४ मध्यें मुंबईस काढलेला शिळाछापखाना पुढें आमच्याच मावळांत, मळवलीस आला. तेथें एकेका रंगासाठीं वेगळा दगड तयार करावा लागे. रंग वाढवावयाचा म्हणजे आणखी एक दगड! श्रमच हाताला लगाम घालीत. आज बोट सरकविलें कीं रंग दुप्पट होतो. लगाम आपला आपणच घालावयाचा आहे.

अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र यानें काव्याचा प्राण औचित्यांत पाहिला. अलंकार मोलाचा असला तरी अस्थानीं शोभत नाहीं, हें त्याचें तात्पर्य येथेंहि लागू पडतें. लोहगडच्या विंचूकाट्याची अरुंद सोंड तीस मीटरांच्या विणींत बोथट होते. ती झांकण्यासाठीं धुकें आणणें सोपें. पण तो अलंकार नव्हे, पडदा होय. त्यापेक्षां तेवढा कडा छायाचित्रें पाहून हातानें घडवावा.

परदेशांत वाढणाऱ्या आपल्या नातवंडांस लोहगड पुष्कळदां प्रथम पडद्यावरच दिसतो. सोनेरी किरणें आणि जांभळें आकाश पाहून तीं उद्यां येथें आलीं, आणि उन्हांत तापलेला काळा कातळ पाहून हिरमुसलीं, तर तो दोष कातळाचा नव्हे. म्हणून चित्र पुरें झालें कीं एक रात्र तसेंच ठेवावें. सकाळीं मूळ चित्र शेजारीं घेऊन पाहावें, आणि जेथें डोंगराआधीं करामत डोळ्यांत भरते तेथें ती निम्मी करावी. एवढें करून जो उरेल, तो आपला लोहगड.