वादळाआधीच शेड बांधून घ्या. पत्रा उडाल्यावर सरकारी मदत पुरत नाही

शहापूर/मुरबाड : वादळ म्हटलं की आपल्याला वाटतं, ते समुद्रकाठच्या लोकांचं काम. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि तिथून जमिनीवरून पुणे, नाशिककडे गेलं. १७ मे २०२१ ला तौक्ते समुद्रातूनच पुढे गेलं, तरी त्याचा वारा ठाणे जिल्ह्याला लागला. आणि वळवाचा वारा तर दरवर्षीचाच आहे. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे या भागात ज्यांची पोल्ट्री, गोडाऊन किंवा पत्र्याचं दुकान आहे, त्यांनी एप्रिलमध्येच खालची कामं उरकावीत.

मदत किती मिळते?

केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या आपत्ती निकषांत मेलेल्या कोंबडीमागे १०० रुपये धरले आहेत, पण एका कुटुंबाला जास्तीत जास्त १० हजार. म्हणजे मदत १०० पक्ष्यांची. शेडमध्ये ५ हजार पक्षी असले तर बाकीच्यांचं काय? करारावरच्या पोल्ट्रीत पक्षी कंपनीचे असतात, शेड मात्र आपली आणि तिचं कर्जही आपलंच. नुकसान कोणी सोसायचं, हे करारात आत्ताच वाचून घ्या.

पत्रा का उडतो?

वारा छपरावरून जाताना पत्रा वर ओढतो. त्यात एका बाजूने वारा आत शिरला आणि दुसरीकडून निघायला वाट नसली, तर तो आतूनही पत्रा उचलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून पत्र्यावर दगड, टायर ठेवून भागत नाही. उलट तेच उडून कोणाला तरी लागतात.

– कडेचे, कोपऱ्याचे आणि आढ्याचे पत्रे आधी सुटतात. तिथले हुक, स्क्रू, वायसर तपासा. गंजलेले बदला, कडेला जास्त स्क्रू मारा.
– पत्रा पाईपला, पाईप खांबाला आणि खांब पायाला घट्ट हवा. यातलं एक ढिलं असलं तरी सगळं जातं.
– पोल्ट्रीत वाऱ्याकडचा पडदा उघडा आणि पलीकडचा बंद, असं कधीच ठेवू नका. वाऱ्याकडचा पडदा आधी पाडून खालून बांधा.
– शेडवर झुकलेल्या फांद्या छाटा. लाईटच्या तारेजवळ फांदी असेल तर स्वतः चढू नका, महावितरणला १९१२ वर कळवा.
– जनरेटर, खाद्य, वह्या आणि बिलं उंच, कोरड्या जागी ठेवा.

विमा

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असलेल्या धंद्यासाठी ती आहे. आगीबरोबर वादळ आणि पूरही त्यात धरतात. पत्र्याची शेड, आतला माल, मशीन हे सगळं पॉलिसीत लिहिलंय का, ते एजंटकडून कागदावर घ्या. जिवंत पक्ष्यांचा विमा वेगळा विचारा. हप्ता वाचवायला किंमत फार कमी लिहू नका, भरपाईही त्याच प्रमाणात कापतात. वादळाचा इशारा आल्यावर पॉलिसी मिळेल या भरवशावर राहू नका.

इशारा आला तर

हवामान खात्याचा नारंगी किंवा लाल इशारा असला की माल आत घ्या, फ्लेक्स उतरवा, मेन स्विच बंद करा. वारा सुटल्यावर छपरावर कोणीही चढायचं नाही. पत्रा परत मिळेल, माणूस मिळत नाही.

वारा थांबल्यावर

तुटलेल्या तारेपासून लांब राहा. काही हलवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो, व्हिडिओ काढा. त्याच दिवशी तलाठी आणि विमा कंपनीला कळवा. पक्षी मेले असतील तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून पंचनामा करून घ्या. अडचणीत जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे.

आज एक पाना घ्या आणि शेडला एक फेरी मारा. किती हुक ढिले आहेत, ते लगेच कळेल.